जो पेट्रोसिनो

जोसेफ ऊर्फ जो पेट्रोसिनो (जन्म: ३० ऑगस्ट १८६०, पादुला, इटली; मृत्यू: १२ मार्च १९०९, पालेर्मो, सिसिली, इटली) हे न्यूयॉर्क शहर पोलीस दलातील इटालियन वंशाचे अधिकारी होते. अमेरिकेतील संघटित गुन्हेगारीविरुद्ध पद्धतशीरपणे लढणाऱ्या पहिल्या पोलीस अधिकाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. इटालियन स्थलांतरितांकडून धमकीच्या पत्रांद्वारे खंडणी उकळणाऱ्या 'ब्लॅक हँड' टोळ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी स्थापन झालेल्या इटालियन पथकाचे ते पहिले प्रमुख होते. गुन्हेगारांची मूळ देशातील नोंद मिळवण्यासाठी ते १९०९ साली गुप्तपणे इटलीला गेले आणि पालेर्मो शहरात त्यांची गोळ्या घालून हत्या करण्यात आली. परदेशात कर्तव्य बजावत असताना मारले गेलेले ते न्यूयॉर्क पोलीस दलातील पहिले अधिकारी होत. त्यांच्या हत्येबद्दल न्यायालयात कोणालाही शिक्षा झाली नाही. त्यांच्या जीवनावर अमेरिका व इटलीत अनेक चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका निर्माण झाल्या आहेत.

बालपण आणि स्थलांतर

पेट्रोसिनो यांचे जन्मनाव जुझेप्पे असे होते. दक्षिण इटलीतील सालेर्नो प्रांतात असलेले पादुला हे त्यांचे जन्मगाव. त्यांचे वडील प्रोस्पेरो हे शिंपी होते. पेट्रोसिनो यांचा जन्म झाला तो काळ इटलीच्या एकीकरणाचा होता. त्यांच्या जन्मानंतर अवघ्या आठवड्याभरात गॅरिबाल्डी यांनी नेपल्स शहरात प्रवेश केला. एकीकरणानंतरही दक्षिण इटलीतील दारिद्र्य कमी झाले नाही आणि तेथून अमेरिकेकडे जाणाऱ्यांचा ओघ वाढत गेला. १८७० च्या दशकाच्या पूर्वार्धात पेट्रोसिनो कुटुंब न्यूयॉर्कला स्थलांतरित झाले.

न्यूयॉर्कमधील 'लिटल इटली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत त्यांचे बालपण गेले. लहान वयातच त्यांनी रस्त्यावर वर्तमानपत्रे विकण्याचे व बूटपॉलिशचे काम केले. मलबेरी स्ट्रीटवरील पोलीस मुख्यालयाबाहेर ते पोलिसांचे बूट चमकवत असत. पुढे ते शहराच्या सफाई खात्यात झाडूवाला म्हणून लागले आणि काही काळाने मुकादम झाले. शहरातील कचरा समुद्रात नेऊन टाकणाऱ्या होडीवरील कामगार त्यांच्या हाताखाली होते. त्या काळी सफाई खाते पोलीस प्रशासनाच्या अखत्यारीत असल्यामुळे पोलीस अधिकाऱ्यांशी त्यांचा संबंध येत असे. कॅप्टन अलेक्झांडर विल्यम्स यांनी या तरुणाची हुशारी हेरली आणि त्याला पोलीस दलात घेण्यासाठी प्रयत्न केले.

पोलीस सेवेतील प्रवेश

१९ ऑक्टोबर १८८३ रोजी पेट्रोसिनो न्यूयॉर्क पोलीस दलात रुजू झाले. त्यांची उंची सुमारे ५ फूट ३ इंच, म्हणजे भरतीच्या किमान मर्यादेपेक्षा कमी होती. ही अट त्यांच्यासाठी शिथिल करण्यात आली. त्या काळात दलावर आयरिश वंशाच्या पोलिसांचे वर्चस्व होते आणि इटालियन भाषा जाणणारे अधिकारी जवळजवळ नव्हते. दुसरीकडे इटालियन वस्त्यांमधील लोकसंख्या झपाट्याने वाढत होती. पोलिसांना तेथील भाषा समजत नसे आणि तेथील रहिवाशांचा पोलिसांवर विश्वास नसे. मायदेशातील सरकारी यंत्रणेचा कटू अनुभव घेऊन आलेल्या या लोकांना गणवेशधारी माणसाची भीती वाटे. पेट्रोसिनो यांना दक्षिण इटलीतील अनेक बोलीभाषा येत असल्यामुळे या दोन जगांमध्ये दुवा साधणे त्यांना शक्य झाले. मात्र त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. दलातील काही सहकारी त्यांना परका समजत, तर वस्तीतील काही लोक त्यांच्याकडे आपल्यांविरुद्ध गेलेला माणूस म्हणून पाहत.

१८९५ मध्ये थिओडोर रूझवेल्ट हे न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष असताना पेट्रोसिनो यांची गुन्हे अन्वेषण विभागात बढती झाली. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रूझवेल्ट यांच्याशी त्यांचे संबंध अखेरपर्यंत चांगले राहिले.

तपासाची पद्धत

पेट्रोसिनो वेषांतरासाठी प्रसिद्ध होते. मजूर, आंधळा भिकारी, धर्मगुरू किंवा नुकताच बोटीतून उतरलेला खेडूत अशी सोंगे घेऊन ते वस्तीत मिसळत आणि माहिती गोळा करीत. त्यांची स्मरणशक्ती तीव्र होती. पाहिलेला चेहरा ते सहसा विसरत नसत.

केवळ गुन्हेगारांना पकडून देणे एवढ्यापुरते त्यांचे काम मर्यादित नव्हते. १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अँजेलो कार्बोने या इटालियन तरुणाला खुनाच्या आरोपावरून मृत्युदंडाची शिक्षा झाली होती. तो निर्दोष असल्याचे पेट्रोसिनो यांना वाटले. त्यांनी स्वतंत्रपणे तपास करून खऱ्या खुन्याचा माग काढला व त्याला बाल्टिमोर शहरात अटक केली. त्यामुळे कार्बोने याचा जीव वाचला.

इटलीचे राजे पहिले उंबेर्तो यांची २९ जुलै १९०० रोजी हत्या झाली. मारेकरी गाएतानो ब्रेशी हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील पॅटरसन शहरातून इटलीला गेला होता. तेथील अराजकवादी गटाची माहिती काढण्याचे काम पेट्रोसिनो यांच्याकडे सोपवण्यात आले. राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅककिन्ली यांच्याही जिवाला धोका असल्याचा इशारा त्यांनी दिला होता, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. सप्टेंबर १९०१ मध्ये बफेलो येथे मॅककिन्ली यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला.

बॅरल खून प्रकरण

१४ एप्रिल १९०३ रोजी न्यूयॉर्कमधील ईस्ट ११ व्या रस्त्यावर एका लाकडी पिंपात पुरुषाचा मृतदेह आढळला. मृताची ओळख पटत नव्हती. पेट्रोसिनो यांनी सिंग सिंग तुरुंगात जाऊन तेथील एका इटालियन कैद्याची भेट घेतली. त्याने छायाचित्रावरून मृताला आपला मेहुणा बेनेदेत्तो मादोनिया म्हणून ओळखले. मृताचे घड्याळ गहाण ठेवल्याची पावती तोमासो पेत्तो या संशयिताजवळ सापडली. बनावट चलनाच्या व्यवहारात गुंतलेला जुझेप्पे मोरेलो आणि त्याचा साथीदार इग्नात्सियो लुपो यांच्या टोळीपर्यंत हा तपास पोहोचला. परंतु साक्षीदारांनी भीतीपोटी साक्ष फिरवली आणि खटला कोसळला.

याच प्रकरणातील संशयितांमध्ये वितो काशो फेर्रो हा सिसिलियन माफियाचा पुढारी होता. अटक टाळण्यासाठी त्याने न्यूयॉर्क सोडले आणि पुढे तो सिसिलीला परतला. पेट्रोसिनो यांच्या हत्येच्या तपासात काही वर्षांनी त्याचेच नाव पुढे आले.

इटालियन पथक

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये 'ब्लॅक हँड' म्हणजेच 'काळा हात' या नावाने खंडणीचे सत्र सुरू झाले. दुकानदार, बेकरीवाले, कंत्राटदार, डॉक्टर अशा थोडेफार पैसे बाळगून असलेल्या इटालियन कुटुंबांना निनावी पत्रे येत. त्यात ठरावीक रक्कम ठरावीक जागी आणून देण्याचा हुकूम असे आणि खाली काळ्या पंजाचे, खंजिराचे किंवा कवटीचे चित्र काढलेले असे. पैसे न दिल्यास दुकानात बॉम्बस्फोट घडवला जाई किंवा मुलांचे अपहरण होई. जगप्रसिद्ध गायक एन्रिको कारुसो यांनाही अशी पत्रे आली होती.

वर्तमानपत्रे 'ब्लॅक हँड'चे वर्णन एक अवाढव्य गुप्त संघटना म्हणून करीत. पेट्रोसिनो यांचे मत वेगळे होते. त्यांच्या मते ही एकच संघटना नसून अनेक लहानमोठ्या टोळ्यांनी वापरलेली दहशतीची एक पद्धत होती. एका नावाभोवती भीतीचे वलय निर्माण झाले की कोणताही गुंड त्या नावाचा फायदा घेऊ शकतो, हे त्यांनी ओळखले होते. या गुन्ह्यांचे बळी प्रामुख्याने इटालियन स्थलांतरितच आहेत, याकडे ते सतत लक्ष वेधत. काही मोजक्या गुन्हेगारांमुळे संपूर्ण समाजाला गुन्हेगार ठरवण्याच्या तत्कालीन वृत्तीला त्यांचा विरोध होता.

त्यांच्या आग्रहावरून पोलीस आयुक्त विल्यम मॅकअॅडू यांच्या कारकिर्दीत १९०५ च्या सुमारास इटालियन पथक स्थापन झाले. सुरुवातीला त्यात पेट्रोसिनो यांच्यासह मोजकेच अधिकारी होते आणि त्यांना धड कार्यालयही नव्हते. पुढे पथकाचा विस्तार झाला आणि पेट्रोसिनो लेफ्टनंट पदापर्यंत पोहोचले. खुणेच्या नोटा देऊन खंडणी घेणाऱ्याला जागीच पकडणे, अपहृत मुलांचा शोध घेणे आणि स्फोटकांचा उगम शोधणे ही या पथकाची मुख्य कामे होती. न्यूयॉर्क पोलिसांचे बॉम्बशोधक पथक आपली परंपरा या इटालियन पथकापर्यंत मागे नेते.

हद्दपारीचा कायदा

अटक झाली तरी आरोपीला शिक्षा होणे कठीण होते. साक्षीदार पुढे येत नसत आणि जामिनावर सुटलेला आरोपी दुसऱ्या शहरात नाहीसा होई. यातील अनेक जण इटलीत शिक्षा भोगून किंवा फरार होऊन अमेरिकेत आलेले होते. १९०७ मध्ये अमेरिकेत नवा स्थलांतर कायदा संमत झाला. मायदेशात गंभीर गुन्ह्यासाठी शिक्षा झालेली व्यक्ती बेकायदा प्रवेश करून आली असल्यास, प्रवेशापासून तीन वर्षांच्या आत तिला परत पाठवण्याची तरतूद त्यात होती. त्यासाठी मायदेशातील शिक्षेचा पुरावा आवश्यक होता.

त्याच वर्षी पेट्रोसिनो यांनी नेपल्समधील 'कामोर्रा' या गुन्हेगारी संघटनेचा म्होरक्या एन्रिको अल्फानो याला न्यूयॉर्कमध्ये अटक केली. त्याला युरोपात परत पाठवण्यात आले. पुढे इटलीतील वितेर्बो येथे चाललेल्या कुओकोलो खून खटल्यात अल्फानो याला ३० वर्षांची शिक्षा झाली. न्यूयॉर्कमध्ये निर्ढावलेला गुन्हेगार इटलीतील कागदपत्रांच्या आधारे पकडीत आणता येतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

वैयक्तिक जीवन

पेट्रोसिनो बराच काळ अविवाहित होते. आपल्या कामातील धोका पाहता कुटुंबाला संकटात टाकणे योग्य नाही, असे त्यांना वाटे. १९०७ च्या अखेरीस वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांनी अदेलिना सौलिनो या विधवेशी विवाह केला. नोव्हेंबर १९०८ मध्ये त्यांना कन्या झाली. तिचे नावही अदेलिना ठेवण्यात आले. वडिलांचा मृत्यू झाला तेव्हा ती काही महिन्यांची होती.

इटलीची मोहीम

पोलीस आयुक्त थिओडोर बिंगहॅम यांनी १९०९ च्या आरंभी एक गुप्त शाखा उभारण्याचे ठरवले. नगरमंडळाने त्यासाठी निधी नाकारल्याने खाजगी देणग्यांतून पैसे उभे करण्यात आले. या शाखेचे प्रमुख म्हणून पेट्रोसिनो यांनी इटलीत जावे, अमेरिकेत राहणाऱ्या गुन्हेगारांच्या शिक्षेचे दाखले मिळवावेत आणि पुढेही माहिती मिळत राहावी म्हणून तेथे खबऱ्यांचे जाळे उभारावे, अशी योजना होती.

९ फेब्रुवारी १९०९ रोजी ते टोपणनाव घेऊन 'दुका दी जेनोव्हा' या जहाजाने निघाले. ते प्रवासात असतानाच त्यांच्या मोहिमेची बातमी 'न्यूयॉर्क हेराल्ड' या वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाली. ती माहिती खुद्द बिंगहॅम यांच्याकडून बाहेर आल्याचे मानले जाते. जेनोव्हा येथे उतरून पेट्रोसिनो रोमला गेले. तेथे त्यांनी अमेरिकन राजदूत लॉइड ग्रिस्कम आणि इटालियन अधिकाऱ्यांची भेट घेतली व प्रांतिक पोलीस अधिकाऱ्यांसाठी शिफारसपत्र मिळवले. वाटेत पादुला येथे जाऊन ते आपल्या भावालाही भेटले. मोहिमेची बातमी वर्तमानपत्रात आल्याचे याच काळात त्यांच्या कानावर आले. तरीही त्यांनी पुढे जाण्याचा निर्णय घेतला.

२८ फेब्रुवारीला ते पालेर्मोला पोहोचले आणि पियाझ्झा मारिना या चौकालगतच्या 'हॉटेल दे फ्रान्स'मध्ये उतरले. शहरातील न्यायालयीन दप्तरातून शिक्षेचे दाखले उतरवून घेण्याचे काम त्यांनी सुरू केले. पालेर्मोचे पोलीसप्रमुख बाल्दास्सारे चेओला यांनी संरक्षण देऊ केले असता त्यांनी ते नाकारले. स्थानिक पोलिसांवर त्यांचा भरवसा नव्हता. आपल्या खबऱ्यांना ते एकटेच भेटत असत.

हत्या

१२ मार्च १९०९ रोजी संध्याकाळी पेट्रोसिनो यांनी हॉटेलजवळच्या 'कॅफे ओरेतो' येथे जेवण केले. त्यानंतर ते पियाझ्झा मारिनातील गॅरिबाल्डी उद्यानाच्या कठड्याकडे गेले. कोणाला तरी भेटण्याचे त्यांनी ठरवले असावे, असा तर्क केला जातो. रात्री पावणेनऊच्या सुमारास त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि ते जागीच मरण पावले. आवाज ऐकून एक खलाशी धावत आला. त्याला दोन इसम पळून जाताना दिसले. घटनास्थळी एक रिव्हॉल्व्हर सापडले. पेट्रोसिनो यांचे स्वतःचे रिव्हॉल्व्हर मात्र हॉटेलच्या खोलीत सामानात होते.

पालेर्मो येथे शासकीय इतमामाने अंत्यविधी झाल्यानंतर त्यांचा मृतदेह जहाजाने न्यूयॉर्कला आणण्यात आला. १२ एप्रिल १९०९ रोजी जुन्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमधून त्यांची अंत्ययात्रा निघाली. या प्रसंगी शहरात सुट्टी जाहीर करण्यात आली होती. अंत्ययात्रेला दोन लाखांहून अधिक लोक जमल्याचा अंदाज आहे. त्यात इटालियन वस्त्यांमधील सामान्य नागरिकांची संख्या मोठी होती. क्वीन्स भागातील कॅल्व्हरी दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. शहराने त्यांच्या पत्नीला निवृत्तिवेतन मंजूर केले.

तपास आणि खटला

चेओला यांनी अनेक संशयितांना ताब्यात घेतले. त्यात अमेरिकेतून नुकतेच सिसिलीला परतलेले मोरेलो टोळीशी संबंधित काही इसमही होते. या कटाचा सूत्रधार वितो काशो फेर्रो असल्याचा निष्कर्ष चेओला यांनी काढला आणि एप्रिल १९०९ मध्ये काशो फेर्रो याला अटक झाली. तथापि, घटनेच्या वेळी काशो फेर्रो आपल्या घरी होता, अशी ग्वाही संसदसदस्य दोमेनिको दे मिकेले फेर्रान्तेल्ली यांनी दिली. काही महिन्यांतच चेओला यांना पालेर्मोतून हलवण्यात आले. १९११ मध्ये पुराव्याअभावी सर्व संशयितांची मुक्तता झाली.

काशो फेर्रो याने जेवणाच्या पंगतीतून उठून स्वतः पेट्रोसिनो यांना ठार मारले व पुन्हा पंगतीत येऊन बसला, अशी आख्यायिका सिसिलीत प्रचलित आहे. परंतु तिला पुराव्याचा आधार नाही. फॅसिस्ट राजवटीत माफियाविरोधी मोहिमेदरम्यान काशो फेर्रो याला दुसऱ्या एका खुनाच्या आरोपावरून जन्मठेप झाली आणि तुरुंगातच त्याचा मृत्यू झाला. २०१४ मध्ये पालेर्मो पोलिसांनी माफियाविरुद्ध केलेल्या कारवाईत एका संशयिताचे संभाषण ध्वनिमुद्रित झाले. आपल्या पूर्वजाने काशो फेर्रो याच्या सांगण्यावरून पेट्रोसिनो यांना मारले, अशी बढाई त्याने त्यात मारली होती. त्या पूर्वजाचे नाव १९०९ च्या संशयितांमध्ये होते. तथापि, या बोलण्याला न्यायालयीन पुराव्याचे स्वरूप आले नाही.

हत्येनंतरच्या घडामोडी

हत्येनंतर इटालियन पथकाच्या ब्रुकलिन शाखेचे प्रमुख अँटोनियो व्हॅक्रिस हे अपुरे राहिलेले काम पूर्ण करण्यासाठी एका सहकाऱ्यासह इटलीला गेले. तेथून त्यांनी शेकडो गुन्हेगारांच्या शिक्षेचे दाखले आणले. मात्र ते परतण्यापूर्वीच जुलै १९०९ मध्ये बिंगहॅम यांना आयुक्तपदावरून दूर करण्यात आले होते. नव्या प्रशासनाने या दाखल्यांचा उपयोग केला नाही. हद्दपारीसाठी असलेली तीन वर्षांची मुदत एकेका प्रकरणात उलटत गेली आणि ज्या कागदपत्रांसाठी पेट्रोसिनो यांनी प्राण गमावले, ती निरुपयोगी ठरली. पुढे इटालियन पथकही विसर्जित करण्यात आले.

मोरेलो आणि लुपो यांना अखेर शिक्षा झाली ती बनावट चलनाच्या गुन्ह्यात. सीक्रेट सर्व्हिसचे अधिकारी विल्यम फ्लिन यांच्या तपासामुळे १९१० मध्ये त्यांना दीर्घ मुदतीचा तुरुंगवास भोगावा लागला.

चित्रपट आणि मालिका

पेट्रोसिनो यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १९१२ मध्ये, त्यांच्या जीवनावर अमेरिकेत मूकपट निघाला. १९५० मध्ये रिचर्ड थॉर्प दिग्दर्शित 'ब्लॅक हँड' हा गुन्हेगारीपट प्रदर्शित झाला. जीन केली यांची प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटात जे. कॅरल नेश यांनी लुई लोरेली या पोलीस अधिकाऱ्याची भूमिका केली. हे पात्र पेट्रोसिनो यांच्यावर बेतलेले असून ते गुन्हेगारांची माहिती मिळवण्यासाठी इटलीला जाते व तेथे मारले जाते. प्रत्यक्षातील पालेर्मोऐवजी चित्रपटात नेपल्स शहर दाखवले आहे.

१९६० मध्ये रिचर्ड विल्सन दिग्दर्शित 'पे ऑर डाय' या चित्रपटात अर्नेस्ट बोर्गनाइन यांनी पेट्रोसिनो यांची भूमिका त्यांच्या खऱ्या नावाने साकारली. इटलीत १९७२ मध्ये आदोल्फो चेली यांची, तर २००६ मध्ये बेप्पे फियोरेल्लो यांची प्रमुख भूमिका असलेल्या दूरचित्रवाणी मालिका प्रसारित झाल्या. परदेशातील गुन्हेगारी टोळीला तिच्याच भूमीत सामोरे जाणारा पोलीस अधिकारी हे कथासूत्र नंतरच्या काळात चित्रपटांमध्ये रूढ झाले. त्याच्या प्रत्यक्षातील सुरुवातीच्या उदाहरणांपैकी पेट्रोसिनो हे एक होत.

स्मारके

न्यूयॉर्कमध्ये जुन्या पोलीस मुख्यालयाच्या परिसरातील एका चौकाला १९८७ मध्ये पेट्रोसिनो यांचे नाव देण्यात आले. पादुला येथील त्यांच्या जन्मघराचे संग्रहालयात रूपांतर करण्यात आले आहे. पालेर्मो येथील पियाझ्झा मारिनामध्ये त्यांच्या हत्येच्या जागी स्मृतिफलक आहे.